मदत हवी आहे: नवरा मारत नाही, पण हा छळच ना?

मावसबहिणीबद्दल विचारायचंय. नवरा हात उचलत नाही म्हणून घरचे म्हणतात संसारात चालायचंच, पण तिचं एटीएम कार्ड त्याच्याकडे, माहेरी फोन लावला की स्पीकरवर टाकायला लावतो आणि भांडण झालं की आठवडाभर अबोला, मग चूक नसताना हीच सॉरी म्हणते. आता भाजी कुठली आणायची हेपण त्याला विचारते, बघवत नाही हो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक, आर्थिक छळपण येतो हे माहितीये, पण ती म्हणते 'काळजीपोटी करतात ते'. १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांशी कोणी बोललंय का, तक्रार न करता नुसता सल्ला मिळतो का? आणि तिच्याकडे विषय कसा काढू, माझ्याशीपण बोलणं तोडेल अशी भीती वाटते.