जुन्या गाडीची रिमोटसह दुसरी चावी मुंबईत कशी करून घ्यावी?

माहीमकर

नमस्कार.

आमच्याकडे २०१० साली घेतलेली ह्युंदाई आय-२० आहे. पेट्रोलवर चालणारी ही गाडी अजूनही उत्तम स्थितीत असून, पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पर्यावरण कर भरून तिच्या नोंदणीचे पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकरणही करून घेतले आहे. अडचण आहे ती चावीची. गाडीबरोबर मिळालेल्या दोन चाव्यांपैकी एक घर बदलताना गहाळ झाली आणि आता सगळी भिस्त एकाच चावीवर आहे. तिच्याही रिमोटवरील बटणांचे रबर फाटले आहे, आणि दार उघडण्याचे बटण जोर लावून पुन्हा पुन्हा दाबल्याशिवाय चालत नाही.

आम्ही माहीमला एका जुन्या इमारतीत राहतो. आवार लहान असल्यामुळे गाड्या एकामागे एक लावाव्या लागतात. मागची गाडी काढायची तर पुढची हलवावी लागते, म्हणून रात्री प्रत्येक गाडीची चावी वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. घरातील एकमेव चावी अशी रोज दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागते, आणि ती हरवली तर गाडी जागेवरून हलवणेही अशक्य होईल, याची मला खरोखर काळजी वाटते. वडिलांना दवाखान्यात न्यायचे असते तेव्हा याच गाडीचा आधार असतो.

चौकशी केली तेव्हा तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळाली. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितले की नवी चावी मागवावी लागेल, गाडी, नोंदणी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र घेऊन यावे लागेल, आणि त्यांनी सांगितलेली रक्कम या वयाच्या गाडीसाठी मला फार वाटली. ऑपेरा हाउस परिसरातील एका दुकानदाराने ‘चिप कॉपी करून तासाभरात देतो, रिमोट मात्र जमणार नाही’ असे सांगितले. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एकाने ‘स्कॅनर लावून नवी चावी गाडीला शिकवतो, रिमोटही देतो, पण जुनी चावी सोबत आणा’ असे सांगितले. यांपैकी नेमके काय करून घ्यावे, आणि बाहेर असे काम करून घेणे सुरक्षित आहे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सांताक्रूझ_पूर्व

माहीमकर, तुम्हाला मिळालेली उत्तरे परस्परविरोधी वाटली तरी ती तशी नाहीत. प्रत्येकाने चावीच्या वेगळ्या भागाविषयी सांगितले आहे. मी मोटारींच्या वायरिंगच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात बरीच वर्षे आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

जिला आपण एक चावी म्हणतो तिच्यात तीन स्वतंत्र वस्तू असतात. पहिली म्हणजे धातूचे पाते, जे दाराचे आणि इग्निशनचे कुलूप फिरवते. दुसरी म्हणजे चावीच्या डोक्यात बसवलेली इमोबिलायझरची, म्हणजे अनोळखी चावीने इंजिन चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची चिप. या चिपला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे असते. चावी फिरवली की ते साधारण १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, त्यातूनच चिपला क्षणभर पुरेल एवढी वीज मिळते आणि चिप आपली ओळख पटवून देते. ओळख पटली नाही तर इंजिनाचा संगणक इंधन किंवा ठिणगी रोखून धरतो, म्हणून केवळ पाते कापून केलेल्या चावीने दार उघडते, अनेक गाड्यांत सेल्फही लागतो, पण इंजिन चालू राहत नाही. तिसरी वस्तू म्हणजे रिमोट. तो सेलवर चालतो, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडतो आणि फक्त सेंट्रल लॉकिंग सांभाळतो. रिमोट बंद पडला तरी चावीने दार उघडून गाडी नेता येते. चिप निकामी झाली तर रिमोट कितीही चांगला असला तरी गाडी जागची हलत नाही. दुसऱ्या चावीवर खर्च करताना हा क्रम मनात पक्का ठेवावा: आधी पाते आणि चिप, मग रिमोट.

आता ‘कॉपी’ आणि ‘शिकवणे’ यांतला फरक, कारण खरा निर्णय तिथेच आहे. चिप कॉपी करताना तुमच्या चालू चावीची ओळख एका कोऱ्या चिपवर उतरवतात. गाडीला हात लावावा लागत नाही, गाडीच्या स्मृतीत काहीही बदलत नाही, आणि गाडीच्या दृष्टीने दोन्ही चाव्या म्हणजे एकच चावी असते. काम झटपट होते व स्वस्तात होते, मात्र सर्वच प्रकारच्या चिपची अशी प्रत निघत नाही. दुसऱ्या पद्धतीत नव्या चिपला स्वतःची वेगळी ओळख असते आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाशी जोडणी करण्याच्या खाचेला) स्कॅनर जोडून ती ओळख इमोबिलायझरच्या स्मृतीत नोंदवतात. त्यासाठी सुरक्षा संकेतांक लागतो. तुमच्या गाडीच्या कंपनीत तो सहा आकडी असतो आणि १७ अक्षरांच्या चासी क्रमांकावरून मिळवला जातो. सर्व्हिस सेंटर कागदपत्रे मागते ते याचसाठी, आणि ते योग्यच आहे. जो कारागीर गाडी कोणाची आहे हे न विचारता कामाला लागतो, त्याच्याकडे काम देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

रिमोटच्या बाबतीत मात्र कॉपी हा मार्गच नाही. गाडीचा रिमोट प्रत्येक दाबाला नवा संकेत पाठवतो आणि गाडी त्या क्रमाचा हिशेब ठेवते. सोसायटीच्या फाटकाच्या साध्या रिमोटसारखा एकच ठरावीक संकेत त्यात नसतो. म्हणून नवा रिमोट गाडीला शिकवावाच लागतो. ऑपेरा हाउसच्या दुकानदाराने रिमोट जमणार नाही असे सांगितले, ते प्रामाणिकपणे सांगितले. ऑनलाइन रिमोट मागवायचा विचार असेल तर भाग क्रमांक आणि लहरींची वारंवारता जुन्या रिमोटशी ताडून पाहा, कारण बाहेरून सारखे दिसणारे काही रिमोट ३१५ मेगाहर्ट्झचे असतात आणि ते आपल्या गाडीत कधीच चालणार नाहीत.

सीएसटी रोडच्या माणसाने जुनी चावी सोबत आणा असे सांगितले, यावरून त्याला काम येते असे दिसते. अनेक गाड्यांत, आणि तुमच्या गाडीतही, नव्या चावीची नोंदणी करताना आधीच्या नोंदी पुसल्या जातात आणि त्याच वेळी हजर असलेल्या चाव्या एकामागोमाग पुन्हा नोंदवाव्या लागतात. घरी राहिलेली चावी त्यानंतर गाडीला अनोळखी होते. रिमोट नोंदवतानाही जुना आणि नवा दोन्ही हाताशी असू द्या. गाडीची बॅटरी अशक्त असेल तर ती आधी चार्ज करून घ्या, कारण नोंदणी अर्धवट असताना व्होल्टेज घसरले तर काम अडकते.

पात्याविषयीही एक सांगतो. पंधरा वर्षे वापरलेल्या चावीच्या खाचा झिजलेल्या असतात, आणि तिच्यावरून कापलेले पाते ती झीज जशीच्या तशी घेऊन येते. गाडी नवी घेतली तेव्हा चाव्यांबरोबर क्रमांक असलेली धातूची लहान पट्टी मिळाली असेल तर कागदपत्रांच्या पाकिटात शोधा. त्या क्रमांकावरून कापलेले पाते मूळ मापाचे निघते आणि कुलपात अडकत नाही.

चावी ताब्यात घेताना डिकीसह सर्व कुलपे नव्या पात्याने उघडून बंद करून पाहा. इंजिन चालू करून पाहताना जुनी चावी त्याच जुडग्यात लटकत ठेवू नका, गाडीच्या बाहेर दुसऱ्याच्या हातात द्या. नाहीतर वेटोळे जुन्या चिपचीच ओळख घेते, गाडी सुरू होते, आणि नव्या चावीत चिप चालत नाही हे घरी आल्यावर कळते. दुकानात अशी फसगत झालेले लोक मी पाहिले आहेत.

हे काम आताच करा. हाती एक चालू चावी असताना दुसरी करणे सोपे असते. शेवटची चावीही हरवली की गाडी उचलून न्यावी लागते किंवा कारागिराला जागेवर बोलवावे लागते, पात्यासाठी कुलूप खोलावे लागते, संकेतांक मिळाला नाही तर इमोबिलायझर काढून त्याची स्मृती वाचावी लागते, आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

अनघा_मुलुंड

वरील प्रतिसाद फार उपयुक्त आहे. मी फक्त फाटलेल्या बटणांविषयी लिहिते, कारण त्यासाठी नवा रिमोट घेण्याची गरज बहुतेक वेळा नसते.

चावीचे रिकामे कव्हर बाजारात मिळते. आतील सर्किट जुन्या कव्हरमधून काढून नव्यात बसवायचे असते आणि पाते तेच ठेवता येते किंवा नवे कापून घेता येते. येथे एक गोष्ट जिवापाड जपावी. इमोबिलायझरची चिप अनेक चाव्यांत सर्किटवर नसते, तर कव्हरच्या कोपऱ्यातील एका खाचेत वेगळी चिकटवलेली असते; ती पाटीवरच्या पेन्सिलीच्या तुकड्यासारखी काळी, लहान आणि नाजूक असते. लोक सर्किट नव्या कव्हरमध्ये घालतात, जुने कव्हर कचऱ्यात टाकतात, आणि त्याबरोबर गाडी सुरू करणारी चिपही जाते. तुमच्याकडे एकच चावी आहे, म्हणून दुसरी चावी तयार होऊन तपासून झाल्याशिवाय पहिली उघडूसुद्धा नका.

बटण जोराने दाबावे लागते याचे कारण रबराखालचा छोटा स्विच झिजला असणे हे असू शकते. तो सोल्डरिंग करून बदलता येतो, आणि लॅमिंग्टन रोडवर मोबाइल दुरुस्त करणारे अनेक जण ते काम सफाईने करतात. त्याआधी सेल बदलून पाहा. सेलवरील आकड्यांत त्याचे माप असते: सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा, तर सीआर २०१६ तेवढ्याच व्यासाचा पण १.६ मिलिमीटर जाडीचा. दोन्ही तीन व्होल्टचे असले तरी एकाच्या जागी दुसरा नीट बसत नाही, म्हणून जुना सेल सोबत नेऊन तसाच घ्यावा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात फाटलेल्या रबरातून पाणी आत जाते आणि सेलच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो. चावी भिजली तर ताबडतोब सेल काढून ठेवावा आणि सर्किट पूर्ण सुकल्यावरच पुन्हा घालावा.

शिवडी_कोळीवाडा

विम्याची बाजू कोणी मांडलेली नाही, म्हणून लिहितो. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी दावा मंजूर करण्यापूर्वी सर्व चाव्या मागते, आणि एक चावी कमी असेल तर ती कोठे गेली याचे लेखी स्पष्टीकरण द्यावे लागते. गहाळ झालेल्या चावीची नोंद पोलिसांकडे केली नसेल तर आता करून घ्या. हरवलेल्या वस्तूंची नोंद मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या करता येते. नव्या चावीच्या पावतीवर गाडीचा क्रमांक लिहून घ्या आणि ती पावती विम्याच्या कागदांबरोबर ठेवा. पुढील नूतनीकरणाच्या वेळी चावी बदलून मिळण्याचे वाढीव संरक्षण घेता येईल का, हेही विचारा, मात्र जुन्या गाड्यांना काही कंपन्या ते देत नाहीत.

चावीच्या क्रमांकाच्या पट्टीचा फोटो कोणालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका. त्या क्रमांकावरून पाते कापता येते.

माहीमकर

सर्वांचे मनापासून आभार. कागदपत्रांच्या पाकिटात क्रमांकाची पट्टी सापडली, आणि हरवलेल्या चावीची नोंद आजच करतो आहे. सांताक्रूझ_पूर्व, एकच विचारायचे आहे. दुसरी चावी मुख्यतः वॉचमनकडे राहणार आहे आणि गाडी चार पावले पुढे-मागे करण्यापुरतीच वापरली जाणार आहे. मग स्वस्तातील कॉपी पुरेशी ठरेल का?

सांताक्रूझ_पूर्व

चावी घरातच राहणार असती तर मी कॉपीला हरकत घेतली नसती. पण ही चावी केबिनमध्ये टांगलेली असणार, रात्रपाळीला वॉचमन बदलणार, आणि हरवण्याचा संभव तिचाच अधिक. कॉपी केलेल्या चावीची ओळख तुमच्या चावीसारखीच असल्यामुळे ती हरवल्यावर एकटी बाद करता येत नाही; तिला बाद करायचे तर तुमचीही चावी बदलावी लागेल. वेगळ्या ओळखीने नोंदवलेली चावी हरवली, तर उरलेली चावी घेऊन पुन्हा एकदा नोंदणी केली की हरवलेल्या चावीने इंजिन चालू होत नाही. तिचे पाते मात्र दार उघडू शकेल, म्हणून गाडीत कागदपत्रे किंवा मौल्यवान वस्तू ठेवू नयेत, आणि तेवढ्यानेही समाधान होत नसेल तर दाराची कुलपे बदलावी लागतील.

तेव्हा कुर्ल्याच्या माणसाकडून चिप असलेली चावी वेगळी ओळख देऊन नोंदवून घ्या. वॉचमनच्या चावीला रिमोट नको. पाते आणि चिप एवढे त्याच्या कामाला पुरेसे आहे, आणि खर्चही कमी होईल. हरवलेल्या पहिल्या चावीची नोंद गाडीच्या स्मृतीत अजून असणार, तीही याच नोंदणीत पुसली जाईल. काम झाल्यावर गाडीत आता किती चाव्या नोंदल्या आहेत ते स्कॅनरवर दाखवायला सांगा, आणि आकडा दोन असल्याची खात्री करूनच पैसे द्या. तुमच्या चावीचे कव्हर आणि स्विच त्यानंतर सावकाश बदला.