झेब्रा फिंच: पिल्लं तिसऱ्या-चौथ्या दिवशी मडक्याखाली पडलेली सापडतात

सोलापूरची_गच्ची:

नमस्कार. पाखरं मुलाची आहेत. तो जूनमध्ये कॉलेजला पुण्याला गेला, जाताना म्हणाला, "आई, तू फक्त दाणापाणी बघ." फक्त दाणापाणी! तीन जोड्यांची आता सतरा पाखरं झालीत आणि सकाळी उठून माझं पहिलं काम म्हणजे खाली पडलेली पिल्लं मोजणं.

पिंजरा गच्चीवर, जिन्याच्या भिंतीला लागून. सहा फूट लांब, चार फूट रुंद, आत मी ताठ उभी राहते एवढा उंच. वर पत्रा, तीन बाजूंना अर्ध्या इंचाची जाळी. घरट्यांसाठी दुकानातली पाच मडकी होती, पाखरं वाढली म्हणून मी संक्रांतीची दोन सुगडंही आडवी बांधली. घरट्याला काथ्या देते आणि शेजारच्या चादरीच्या मागावरचे सुताचे तुकडे. ते तर फारच आवडतात यांना, देईन तेवढे नेतात.

आता अडचण. एका मडक्यात अकरा अंडी निघाली. तळाला सहा, वर काथ्याचा थर, त्यावर पाच. एकही फुटलं नाही. दुसऱ्या मडक्यात चार पिल्लं झाली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून एकेक खाली यायला लागलं. जिवंत असलं तर परत ठेवते, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. कातडी गुलाबी असायला हवी ना? ही पांढरीफटक दिसतात. राळं (दुकानात कांगणी म्हणून देतात), कवचासकट कुस्करलेलं उकडलेलं अंडं, समुद्रफेस, सगळं आहे. दुकानदार म्हणतो मादी खराब आहे, बदलून न्या. सगळ्याच माद्या कशा खराब असतील?

आणखी एक. ओळखीचे एक काका दोन लाल मुनिया आणून देतो म्हणतात, पिंजऱ्याला रंग येईल म्हणून. घेऊ का?

काडी_काडी:

आधी शेवटचं. लाल मुनिया अजिबात घेऊ नका. आपल्याकडची कुठलीच मुनिया पाळता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. विकायला येते ती जाळं टाकून शेतातून धरून आणलेली असते. काकांनाही सांगा.

आता फिंच. मी मिरजेला वीस वर्षं पाळतोय, आणि पहिल्या दोन वर्षांत हेच सगळं केलंय. झेब्राच्या नराला घरटं झालं हे कळतच नाही. सामान दिसलं की तो नेणार. मादी अंड्यांवर बसलेली असली तरी तिच्या अंगावर काडी ठेवतो. मग अंडी गाडली जातात, मादी वरच्या थरावर नव्याने सुरू करते. तुमची अकरा अंडी म्हणजे दोन मजली इमारत आहे. पहिलं अंडं दिसलं की काथ्या बंद. एक काडीसुद्धा नाही.

सूत तर आजच काढा. पिल्लाच्या पायाला धागा गुंडाळला की पाय वाढतो, धागा वाढत नाही. हातात घेऊन एकेकाचे पाय बघा. सुगडंही काढा. चार पिल्लं आठ-दहा दिवसांची झाली की त्यात मावत नाहीत, कडेचं बाहेर ढकललं जातं.

पण ही तिसऱ्या दिवशी पडतायत आणि पांढरी आहेत, त्याचं कारण मला वेगळं वाटतं. पिल्लांचं रक्त कोणीतरी पितंय. आज रात्री दहानंतर टॉर्च घेऊन जा, मडकं जिथे टेकतं ती जागा बघा आणि पांढऱ्या फडक्याने मडक्याचं तोंड पुसा. काय दिसलं ते लिहा.

दूरदेशी_ॲडलेड:

माझ्याकडे पाळलेली नाहीत, मी इथे ऑस्ट्रेलियात रानातली बघते. ॲलिस स्प्रिंग्जच्या बाजूला गुरांच्या पाण्याच्या टाकीवर शेकड्यांनी उतरतात. पाणी प्यायची तऱ्हा बघा कधी. चिमणीसारखी दर घोटाला मान वर करत नाहीत, चोच बुडवून सलग ओढतात. ससाणा वर फिरत असेल तर तेवढीच घाई बरी.

त्या कोरड्या मुलखात पाऊस पडला, गवताला बी आलं की यांची वीण सुरू. तुमच्याकडे दाणा बारमाही आणि अंडं वर, मग त्या थांबतील कशाला? मादी झिजते हो. वर्षाला तीन विणी पुष्कळ झाल्या, नंतर मडकी उतरवून ठेवायची.

सोलापूरकरांसाठी एक गंमत. इथल्या डीकिन विद्यापीठातल्या दोघींनी २०१६ मध्ये दाखवलं की तापमान २६ अंशांवर गेलं की हे आईबाप अंडी फुटायच्या आधीच्या काही दिवसांत अंड्यांशी वेगळ्या आवाजात बोलतात, आणि ती हाक ऐकलेली पिल्लं उन्हाळ्यात अंगाने लहान राहतात. लहान अंग उन्हाला बरं. तुमच्याकडे तर बारा महिने तोच संवाद चालत असणार.

सोलापूरची_गच्ची:

रात्री साडेदहाला गेले. फडकं पुसलं तर त्यावर तांबडे ठिपके, बोटाने चिरडले तर रक्त. मडकं उचललं तर खिळ्याभोवती मोहरीच्या पावाएवढे किडे, हजारो, आणि हालत होते. दिवसा मी तीच जागा रोज पुसायचे, काही दिसायचं नाही. रात्री पाखरं फडफडायची, मला वाटायचं मांजर फिरतंय.

आणि दादा, एका पिल्लाच्या पायाला खरंच सूत होतं, निळं. नखं कापायच्या कात्रीने कापलं. पाय सुजलाय पण बोटं हलवतंय.

आता हे किडे मारू कशाने? घरात झुरळांचा स्प्रे आहे.

काडी_काडी:

स्प्रे नको! पाखरं मरतील, किडे राहतील.

हे माइट. रात्री पाखरावर चढतात, दिवसा फटीत झोपतात, म्हणून पाखराला औषध लावून भागत नाही. रिकामी मडकी उकळत्या पाण्यात बुडवा, गच्चीवर उन्हात दोन दिवस पालथी ठेवा. आतलं सगळं जुनं काथ्यागवत जाळून टाका. काठ्या, खिळ्यांची भोकं, जाळीची चौकट यांवर उकळतं पाणी ओता, पाखरं तेवढा वेळ दुसऱ्या पिंजऱ्यात. आठ दिवसांनी पुन्हा हेच, कारण मधल्या काळात अंडी फुटतात. त्यानंतर आणखी एकदा. मडकं भिंतीला टेकवू नका, तारेने लोंबतं ठेवा. पाखरं मलूल दिसली तर पशुवैद्य गाठा, दुकानदार नव्हे.

आणि सतरा खूप झाली. दोनच जोड्या विणीला ठेवा, बाकीचे नर आणि माद्या मध्ये जाळी घालून वेगळ्या. दोन जोड्यांना चार मडकी, सगळी एकाच उंचीवर. उंच जागेसाठी भांडतात.

सोलापूरची_गच्ची:

दीड महिन्याने लिहितेय. तीनदा उकळलं. तिसऱ्या वेळेला सासूबाई म्हणाल्या, पाखरांसाठी एवढं, दिवाळीच्या फराळाला गॅस उरेल का?

एकाच मडक्यात पाच अंडी झाली, पहिल्या अंड्याला काथ्या बंद केला. चार फुटली. तीन पिल्लं एकोणिसाव्या दिवशी बाहेर आली, चोची अजून काळ्या. चौथं मात्र गेलं, का ते कळलं नाही. निळ्या सुताचं पिल्लू जरा लंगडतं पण काठीवर बसतं.

वेगळे केलेले नर दिवसभर जाळीला लटकून माद्यांना हाका मारतात. एक तर माझ्या पदराचा धागा ओढत होता. हे किती दिवस चालतं? आणि मुलगा दिवाळीला येतोय, ही तीन पिल्लं नंतर त्याच्या मित्राला द्यायची म्हणतो.

काडी_काडी:

धागा ओढणं जन्मभर चालतं. पिल्लं मात्र दिवाळीला देऊ नका. आईबाप पाचेक आठवडे भरवतात, आणि नर पिल्लं बापाचं गाणं ऐकून शिकतात, त्याला आणखी महिना-दीड महिना जातो. बापापासून लवकर तोडलं तर ती जन्मभर काहीतरी अर्धवट टिटटिट करत बसतात. माझ्याकडे एक आहे तसा. पहाटे पाचला सुरू होतो.