मदत हवी आहे : सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकांना देणे (रिलीज) थांबवण्याचा अधिकार कोणाकडे असावा?

नमस्कार. आमची कंपनी दुकानदारांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर तयार करते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा नवी बिले बिनचूक निघाली. मात्र त्याआधी १२ टक्के कराने विकलेला माल परत आल्यावर क्रेडिट नोटवर (परत आलेल्या मालाची रक्कम वजा दाखवणाऱ्या कागदावर) मूळ १२ ऐवजी ५ टक्केच कर दिसू लागला, कारण रिग्रेशन चाचणीत (बदलानंतर आधीचे काम बिघडले नाही ना, हे पाहणाऱ्या चाचणीत) जुन्या तारखेच्या बिलाची एकही टेस्ट केस (तपासायचे ठरावीक उदाहरण) नव्हती. ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या सेलेनियम या साधनाच्या स्वयंचलित चाचण्या रोज रात्री हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, दिसतात आणि सगळे त्यावरच निर्धास्त राहतात, हे मला अधिक घातक वाटते. चाचणी विभाग डेव्हलपमेंट व्यवस्थापकाच्याच हाताखाली असल्याने रिलीज अडवणे आमच्या हाती नाही. आपल्याकडे हा अधिकार कोणाकडे असतो, आणि नियम बदलल्यावर टेस्ट केसचा फेरआढावा कोण घेते, हे कृपया सांगावे.