मदत हवी आहे: बाबांना दावरला न्यायचंय, परवानगी कोण देतं?

धायरीची_ओवी: विसर्जन झालं की लगेच निघायचंय, श्रीनगरचं तिकीट रोज वाढतंय. एक ट्रॅव्हलवाला म्हणतो रस्ता बंद आहे, दुसरा म्हणतो माझीच गाडी घेतलीत तर परवानगी मिळेल. खरं काय? लवकर सांगा प्लीज.

सह्यवेडा: दावर म्हणजे नक्की कुठलं?

धायरीची_ओवी: गुरेझ खोरं, काश्मीर. किशनगंगेच्या काठी.

सह्यवेडा: त्यापेक्षा लडाखमधल्या तुर्तुकला जा! श्योक नदी, जर्दाळूच्या बागा. १९७१ पर्यंत पाकिस्तानकडे होतं, पर्यटकांना २०१० पासून खुलं झालं. मी दोनदा बाइकवर गेलोय, तोड नाही.

कर्वेनगरची_काकू: तिने तुर्तुक विचारलंय का? लेहला उतरलं की थेट साडेअकरा हजार फूट, पुढे खारदुंग ला ही त्याहून उंच खिंड. ओवी, बाबांचं वय काय?

धायरीची_ओवी: ७१. दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, पण रोज तळजाई चढतात.

जुना_सिग्नलवाला: ताई, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. बांदीपोऱ्याहून दावर साधारण ८५ किलोमीटर. मध्ये राजदान खिंड लागते, साडेअकरा हजार फुटांच्या वर. दावर स्वतः आठ हजारांच्या आसपास आहे, तिथे त्रास होऊ नये. श्रीनगरला दोन रात्री काढा, खिंडीत उतरून फोटो काढत बसू नका, आणि आधी हृदयरोगतज्ज्ञांचा होकार घ्या. परवानगीचं म्हणाल तर नियम परिस्थितीप्रमाणे बदलतात. निघायच्या आठवड्यात बांदीपोऱ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतः फोन करा, एजंटवर विसंबू नका. नाक्यांवर मूळ आधार कार्ड लागतं. बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड इथूनच करून घ्या.

मयूर_औंध: गुलमर्गच्या गंडोल्याचं (केबल कारचं) बुकिंग मात्र आधीच ऑनलाइन करा, आमची रांगेत सकाळ गेली.

पेठेतला_पंत: मला हे धाडस पटत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगाम झालं, मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू होत्या. दावर ताबारेषेला चिकटून आहे. आजारी माणसाला तिथे कशाला न्यायचं?

जुना_सिग्नलवाला: पंत, तिथे माणसं राहतात, बटाटा-राजमा पिकवतात. १० मे २०२५ ला गोळीबार थांबला. बातम्या बघून जायचं, वातावरण तापलं तर श्रीनगरहून परतायचं. परतीचं तिकीट बदलता येईल असं काढा, एवढंच.

कर्वेनगरची_काकू: राजमा आणा हो तिथला. माझ्या भावाने आणला होता, लगेच शिजतो आणि चव वेगळीच.

धायरीची_ओवी: पंत, कशाला ते सांगते. बाबा १९८६ च्या हिवाळ्यात तिथे तैनात होते. बर्फाने खिंड बंद, ताप उतरेना, तेव्हा एका शेतकऱ्याच्या घरातून चार दिवस त्यांच्यासाठी जेवण आलं. ते घर त्यांना परत बघायचंय. गावाचं नाव आठवत नाही. लाकडी ओंडक्यांचं घर, एवढंच. एक फोटो आहे.

जुना_सिग्नलवाला: तिथली जुनी घरं ओंडक्यांचीच. हे आधी शोधा, कारण किशनगंगा जलविद्युत प्रकल्पामुळे तिथल्या बडवन गावच्या लोकांना उठावं लागलं. फोटोत मागे काय दिसतं?

धायरीची_ओवी: पिरॅमिडसारखा टोकदार डोंगर.

जुना_सिग्नलवाला: तो हब्बा खातून! मग दावरच्याच आसपास असणार. फोटो मोठा छापून न्या आणि तिथल्या म्हाताऱ्यांना दाखवा. बोली शिना आहे, पण हिंदी-उर्दूवर भागतं.

पेठेतला_पंत: हे माहीत नव्हतं. न्या त्यांना. पुण्यात ‘सरहद’मध्ये काश्मीरची मुलं शिकतात. गुरेझचं कुणी आहे का, विचारून बघा.

धायरीची_ओवी: उद्याच जाते. डॉक्टरांची शनिवारची वेळ मिळाली. बांदीपोऱ्याचा फोन अजून लागत नाहीये, सकाळी पुन्हा करते.