विषय: भूकंप झाला, आम्ही ठीक आहोत (श्रीखंडाच्या हिशेबाशी संबंध नाही)

सोलापूर, गुरुवार ३ एप्रिल २०२५, रात्री

नमस्कार मंडळी,

आपल्या न्यू जर्सीच्या मंडळाच्या ई-मेल यादीवर पाडव्याच्या श्रीखंडाचा हिशेब अजून चालू दिसतोय, म्हणून वेगळा विषय टाकून लिहितोय. खजिनदारांनी रागावू नये. गेले दोन आठवडे मी सोलापुरात आहे, आईकडे. आज सकाळी भूकंप अनुभवला. २.६ चा. हसू नका.

मावशी सांगोल्याला मळ्यात राहते. आईला तिच्याकडे जायचं होतं, म्हणून उन्हाच्या आत पोचायचं ठरवून निघालो. अकरा वाजून गेले होते. मावशी भाकऱ्या थापत होती, मी दारातल्या खुर्चीवर शेंगा फोडत बसलो होतो. आधी आवाज आला, भरलेला ट्रक उंबऱ्याला लागून जावा तसा. मला वाटलं शेजारच्या रानात बोअरची गाडी लागली. मावशीला वाटलं विहिरीचा सुरुंग. तेवढ्यात मांडणीवरच्या ताटल्या किणकिणल्या, पिंपातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठली, आणि खुर्चीच्या पायांतून कुणीतरी दोनदा थोपटल्यासारखं झालं. दोन-तीन सेकंद, बस्स. मावशीने भाकरी उलटली. म्हणाली, "सुरुंग लावायच्या आधी सांगत पण नाहीत मेले."

वळून पाहतो तर आई जागेवर नाही.

ती फाटकाच्या बाहेर उभी. अनवाणी, तापलेल्या फुफाट्यात. वय ७८, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एरवी खुर्चीतून उठायला माझा हात लागतो. तिथवर कशी गेली, मला खरंच कळलं नाही. मी गेलो तर एवढंच म्हणाली, "भांडी वाजली की रे."

मग फोनवर बातमी आली: सकाळी ११ वाजून २२ मिनिटं, सांगोला परिसर, २.६, खोली ५ किलोमीटर. कुठे काही पडलं-झडलं नाही. मावशीचा सुरुंगावरचा राग मात्र संध्याकाळपर्यंत टिकला.

आता खरी गोष्ट. मागच्या फेरीत मी आईच्या खोलीला नवीन लॉक बसवून घेतलं होतं, दार ओढलं की आपोआप लागणारं. एकटी राहते, चोराचिलटांची भीती. आज रात्री दार ओढलं तर लागेना. बघतो तर चौकटीतल्या खाचेत कॅलेंडरच्या पानाची घडी कोंबलेली. नीट चौकोनी, टोकं आत दाबलेली. महिना संपला की बदलत असावी, कारण घडीवर मार्च होता.

विचारलं, तर ९३ च्या किल्लारीच्या भूकंपाचं सांगायला लागली. मी तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर होतो, मला एवढंच ठाऊक होतं की "सोलापुरात पण जाणवला". आमचं घर उत्तर कसब्यातलं, जुनं, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून बाबा उशिरा आलेले. पहाटे चारच्या सुमारास फडताळातली भांडी वाजायला लागली. हिला वाटलं मांजर शिरलं. उठून दाराशी गेली, तर पावसाने दार फुगलेलं, कडी निघेना. तळहाताने खालून ठोकत राहिली. कडी निघाली आणि मग अख्खं घर हलायला लागलं, "पाळण्यासारखं". माळवदाची माती अंथरुणांवर भसाभसा पडली. बाबा तिच्या मागोमाग बाहेर आले. भिंतीला एक भेग गेली, बाकी काही नाही.

"तवापासनं मी कडी लावत नाही," म्हणाली. बत्तीस वर्षं. आणि मी दर रविवारी फोनवर विचारतो, दार नीट लावलंस ना? ती म्हणते, हो.

सध्या मुक्काम सोलापूर,
सोलापूरकर

---

एडिसन, गुरुवार, संध्याकाळ

अहो, हसत नाही कुणी. पण गेल्या वर्षी ५ एप्रिलला आपल्याकडे ४.८ झाला तेव्हा मात्र आपण सगळेच केवढे मोठे भूकंपग्रस्त झालो होतो ते आठवलं. शुक्रवार, सकाळचे १० वाजून २३ मिनिटं. मी मीटिंगमध्ये. मला वाटलं तळघरातलं वॉशिंग मशीन कोपऱ्यात चालत निघालं. खाली जाऊन बघते तर मशीन बंद! वर येईपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर ऐंशी मेसेज, सगळ्यांचा एकच: "तुला जाणवला का?" सरकारी अलर्ट फोनवर वाजला तोवर माझा चहा पिऊन झाला होता. संध्याकाळी सहाला परत एक छोटा धक्का बसला, तेव्हा तर लोकांनी व्हिडिओच लावून ठेवले होते.

सासूबाई तेव्हा इथेच होत्या. त्यांनी विचारलं, "घर लाकडाचं आहे ना? मग हलू दे," आणि पोथी पुढे चालू. तेव्हा मला त्यांचा बिनधास्तपणा वाटला होता. आता जरा शंका येतेय. त्या बार्शीच्या. उद्या फोन करून विचारते.

काकूंच्या तळपायांना फोड आले नाहीत ना? एप्रिलचा फुफाटा म्हणजे तवा.

वहिनी

---

पिस्कॅटवे, गुरुवार, रात्री

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. आमच्या घरात जमीन हलली नाही तर आम्ही घाबरायचो! खालच्या मजल्यावर चार यंत्रमाग, वर आम्ही. ताटातली आमटी कायम थरथरत असायची. माग बंद पडला की आजी झोपेतून दचकून उठायची, "एमैंदी?" म्हणत, म्हणजे तेलुगूत "काय झालं?" ९३ ला माग बंद होते, विसर्जनाची सुट्टी. आजी उठली, म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी माग कुणी चालू केला?" आणि खाली जाऊन बघून आली. घरातल्यांना भूकंप कळला तो रस्त्यावरच्या आरडाओरड्याने.

बाकी तुझ्या लेखात एक चूक: शेंगा "फोडत" बसला नव्हतास, खात बसला असशील बे.

पू. भा.

---

ब्रिजवॉटर, शुक्रवार, सकाळ

सोलापूरकर,

तुमच्या आईंनी सांगितलेल्या क्रमाने मला रात्रभर झोप लागली नाही. आधी भांडी, मग कडी, मग पाळणा. हे अगदी बरोबर आहे. आयुष्यभर इमारतींची गणितं केली, म्हणून सांगतो.

भूकंपातून दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली दाबाची, वेगवान, सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते. ती भांडी वाजवते, गुरगुर आवाज करते, पण घर पाडायची तिची ताकद कमी. दुसरी आडवी हलवणारी, सेकंदाला साडेतीनच्या आसपास. घरं पाडते ती ही. किल्लारी ते सोलापूर सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या घरात. पहिली लाट सोलापूरला पोचली तेरा-चौदा सेकंदांत, दुसरी तेवीस-चोवीस सेकंदांत. मधे उरले दहा सेकंद. त्या दहा सेकंदांत तुमच्या आई कडी ठोकत होत्या. सांगोल्याला तुम्ही धक्क्याच्या जवळपास डोक्यावरच बसला होतात, म्हणून आवाज आणि थोपटणं एकामागोमाग आलं.

२.६ वर हसणाऱ्यांसाठी: एक अंक वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट होते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा ६.२ होता, म्हणजे तुमच्या सांगोल्याच्या अडीच लाख पट. आणि त्या वेळच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. दख्खनचा काळा कातळ, त्याला काय होतंय, असं आम्हीच शिकलो होतो नि आम्हीच शिकवत होतो. कोयनेला १९६७ साली ११ डिसेंबरला झाला तेव्हा धरणाकडे बोट दाखवता आलं. किल्लारीत तसं मोठं धरण नव्हतं.

माळवदाबद्दल एक. दरवर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती टाकतात, जुनी कुणी काढत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं डोक्यावर साठत जातं. भिंती दोन-अडीच फूट जाड, पण आतला दगड नि बाहेरचा दगड एकमेकांना धरून नाहीत, मधे नुसती माती नि कपच्या. हलल्या की पोट फुगून फुटतात. ज्या घरांचं माळवद भिंतींवर न ठेवता लाकडी खांबांवर, खणांवर उभं होतं, तिथे भिंती बाहेर कोसळल्या तरी बऱ्याच ठिकाणी छप्पर वर राहिलं. तुमच्या उत्तर कसब्यातल्या घरात खांब आहेत का? भेग कुठून कुठवर गेलीय? फोटो पाठवा. आणि ते लॉक काढून टाका.

काका

---

एडिसन, शुक्रवार

सासूबाईंना फोन केला. म्हणाल्या, "मी पोथी वाचत नव्हते, नुसतीच धरली होती."

वहिनी

---

जर्सी सिटी, शनिवार, रात्री उशिरा

मी या यादीवर सहसा लिहीत नाही, फक्त दिवाळी अंकाची ऑर्डर देतो. मी किल्लारीजवळच्या सास्तूरचा. तेव्हा उमरगा तालुका, आता लोहारा.

काका, तुमचे दहा सेकंद वाचले. आमच्याकडे ते नव्हते. एक-दोन असतील. भांडी वाजली असतील तर कुणाला आठवत नाहीत.

मी नऊ वर्षांचा होतो. आमचं घर गावाच्या कडेला, कुडाच्या भिंती नि वर पत्रा. ते पडलं, पण आमच्यावर काही बसलं नाही. आईने पत्रा ढकलून मला बाहेर काढलं. वर्गातला माझा दोस्त मधल्या गल्लीत राहायचा, मोठ्या वाड्यात. त्यांच्या भिंतींचा गावाला अभिमान होता, तोफेनं पडणार नाही म्हणायचे. आम्ही पोरं उन्हाळ्यात तिथे जायचो, गार लागायचं म्हणून.

नंतर पाऊस लागला. ते मी लिहीत नाही.

जखमी सोलापूरला गेले, हैदराबाद रस्त्याने, ट्रकमधून, ट्रॅक्टरमधून, मिळेल त्यातून. माझ्या चुलत्याचा पाय सोलापूरच्या सिव्हिलमध्ये वाचला. तिथल्या व्हरांड्यात आम्ही बारा दिवस होतो. रोज संध्याकाळी एक बाई यायची, फडक्यात कडक भाकरी नि शेंगाचटणी घेऊन. कुठल्या पेठेतली, काही माहीत नाही. चटणी तिखट होती, मी रडायचो, नि सगळ्यांना वाटायचं मी दुसऱ्या कशासाठी रडतोय.

एका गोष्टीसाठी लिहायला बसलो. १९९२ च्या ऑक्टोबरपासून किल्लारीकडे धक्के बसत होते. गुरगुर व्हायची, ताटल्या वाजायच्या. सुरुवातीला लोक गाव सोडून बाहेर झोपले. मग थंडी आली, मग सुगी आली, धक्के बारीक झाले, नि हळूहळू सगळे घरात आले. त्या दिवशी गणपती बोळवले नि दमून झोपले. तुमच्या मावशींनी भाकरी उलटली ना, ते वाचून मला वर्षभराचं गाव दिसलं. मावशींना दोष देत नाही. सांगोल्याला काही होईल असंही म्हणत नाही. आमच्याकडे सगळेच भाकरी उलटत होते.

सास्तूरचा

---

सोलापूर, रविवार ६ एप्रिल, रामनवमी

काका, फोटो पाठवलेत. खांब आहेत, सागवानी, सहा. आईचं म्हणणं, तिला कुणी न सांगताच हे माहीत होतं, म्हणून ती बाबांना ओढून खांबाजवळून दाराकडे गेली. मला वाटतं हे तिने आत्ता जुळवलं असावं. भेग फडताळाच्या वरच्या कोपऱ्यातून आढ्यापर्यंत तिरकी गेलीय. तिच्यावर दर दिवाळीत चुना फासला जातो आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ती परत दिसायला लागते.

लॉक काल काढलं. सुताराने विचारलं, नवीन काय बसवू? आई म्हणाली, "आकडा बसव. बोटाने उडंल असा."

वहिनी, फोड नाहीत, पण दोन दिवस तळपायांना तूप चोळून घेतलं. आता पलंगाजवळ चपला ठेवायला लागलीय.

सास्तूरकरांचं पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. चटणीच्या वाक्यापर्यंत आलो तेव्हा ती उठून आत गेली. मला वाटलं ती बाई हीच असणार, आणि मी हे तुम्हाला लिहिणार. तर नव्हे. गॅसवर दूध होतं. पण सांगते की आमच्या गल्लीत तेव्हा घरटी दहा भाकऱ्या गोळा करायचे, रोज, दिवाळीच्या आसपासपर्यंत. कोण घेऊन जायचं ते तिलाही ठाऊक नाही. तिची चटणीही तिखटच असते.

तिचा एक प्रश्न आहे, सास्तूरकर, तिच्याच शब्दांत: "त्या पोराची आई आता कुठं झोपती, विचार."

सोलापूरकर

---

जर्सी सिटी, रविवार

काकूंना नमस्कार सांगा.

आई नव्या गावठाणात असते, पुनर्वसनाच्या घरात. घर पक्कं आहे. ती अंगणात झोपते, पावसाळ्यात ओसरीवर. खाटेखाली चपला, फाटकाकडे तोंड करून.

काकूंची कागदाची युक्ती तिला फोनवर सांगितली. म्हणाली, "एवढी यातायात कशाला? दारच लावू नये."

सास्तूरचा