ड्युटीवरचे निवांत तास तुम्ही कसे काढता?

पेशंटच्या घरी बारा तासांची ड्युटी करणाऱ्या मावश्या, ताई, दादा, सगळ्यांनी इथे लिहा. स्पंजिंग, नाश्ता, गोळ्या, कपडे बदलणं हे साडेदहापर्यंत उरकतं. जेवण भरवून झालं की दुपारी एक ते चार सगळं घर झोपतं. आपल्याला डोळा लावता येत नाही, घर सोडता येत नाही, आणि हातात मोबाईल दिसला की घरच्यांच्या कपाळाला आठी पडते. आपल्याला ड्युटी लावून देणाऱ्या ब्युरोत बेडपॅन द्यायला, नळीतून भरवायला शिकवतात. हे तीन तास अंगावर येतात, त्यांचं काय करायचं ते कोणी सांगत नाही.

माझं सांगते. मी पुण्यात एका आजींकडे आहे. अर्धांगाने त्यांची डावी बाजू गेलीय. चातुर्मासात घरात वाती खूप लागतात, आणि विकतच्या त्यांना चालत नाहीत. मग दुपारी आम्ही दोघी फुलवाती करतो. सरकी काढून कापूस पिंजायचा, छोटा गोळा तळहातावर पसरायचा, कडा गोळा करून वर शेंडी वळायची. बोटांना चिमूटभर रांगोळी लावली की शेंडीला पीळ बसतो. आजी उजव्या हाताने वळतात आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत कापूस नुसता धरून ठेवायचा प्रयत्न करतात. सुरुवातीला तो गळून पडायचा. आता शेंडी वळून होईपर्यंत टिकतो. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, चिमटीचा यापेक्षा चांगला व्यायाम मी वेगळा देऊ शकत नाही, हाच चालू ठेवा.

चिपळूणहून

मी पुरुष पेशंट घेतो. सध्याचे काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. स्ट्रोकनंतर वाचा गेली. समजतं सगळं, पण ‘पाणी’ म्हणायचं असलं तरी शब्द येत नाही, डोळ्यांत पाणी येतं. एकदा दुपारी मी सहज म्हटलं, काका, चिपळूण–कराड गाडी लागलीय, पुढे काय? आणि त्यांच्या तोंडून पोफळी आलं. मग मी घाट म्हटलं, ते म्हणाले कोयनानगर. पाटण, मल्हारपेठ, कराड ओळीने आले. मी उठून काकींना हाक मारली.

स्पीच थेरपीच्या मॅडमनी समजावलं की अशा पेशंटची स्वतःहून बोलायची भाषा अडते, पण वर्षानुवर्षं पाठ झालेली माळ, म्हणजे आकडे, वार, आरती, बऱ्याचदा शाबूत राहते. त्यामुळे आता रोज दुपारी आमची गाडी सुटते. मी मुद्दाम थांबे चुकवतो, ते हाताने मला थांबवतात. काकी सांगतात, 1 जून 1948 ला पहिली एसटी पुणे–नगर धावली ही गोष्ट काका पूर्वी घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवत. मला ती त्यांच्याच तोंडून ऐकायची आहे.

ठाणे, नाईट ड्युटी

रात्री दोन ते चार सगळ्यात जड. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ बघायची, वहीत वेळ लिहायची. मध्ये मी हरिपाठ ऐकते, पण एकाच कानात. दुसरा कान पेशंटच्या श्वासाकडे. खुर्चीत टेकून बसत नाही, झोप लागते.

छत्रपती संभाजीनगर

मी 17 नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावी देतेय. लग्नामुळे शाळा नववीत सुटली होती. पेशंट बाई निवृत्त शिक्षिका, मांडीचं हाड मोडून पलंगावर. ‘निवांत आहेस ना, मग पुस्तक काढ’ हा त्यांचा हुकूम. बीजगणित त्यांना नीट दिसत नाही म्हणून मी गणित मोठ्याने वाचते, त्या डोळे मिटून पायऱ्या सांगतात. माझं शुद्धलेखन मात्र भिंग घेऊन तपासतात. एएनएम या नर्सिंगच्या कोर्सला बारावी लागते, तिथपर्यंत जायचं ठरवलंय.

दिमोना, इस्राएल

मी मूळची रायगडची. इथे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या एका आजींची काळजी घेते. त्या लहानपणी अलिबागकडून आल्या. हिब्रू बोलतात, पण दुखलं की ‘आई गं’च म्हणतात. घर धार्मिक आहे, त्यामुळे शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी अंधार पडेपर्यंत टीव्ही, फोन, गॅस सगळं बंद. माझी सुट्टी नसेल त्या आठवड्याला हा पूर्ण वेळ आम्ही दोघी. पहिल्यांदा घाबरले होते, एवढं गप्प बसायचं कसं? आता शनिवारची वाट बघते. आजी मलिद्याची, म्हणजे त्यांच्याकडच्या प्रसादाची, तयारी तोंडी करून घेतात: पोहे किती भिजवायचे, ओलं खोबरं किती, फळं कुठली. विहिरीवरच्या, भातलावणीच्या ओव्या म्हणतात. माझ्या आजीला येत होत्या त्यातल्या काही, पण मी कधी बसून ऐकल्याच नाहीत. शबाथला, म्हणजे या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहायचं नसतं, म्हणून तेव्हा पाठ करते आणि रविवारी वहीत उतरवते.

नाशिक

सगळ्यांचं वाचून छान वाटलं, पण माझं वेगळं आहे. मागच्या घरी मी बसलेली दिसले की ‘एवढी मेथी निवड’, ‘कपड्यांच्या घड्या घाल’ सुरू व्हायचं. मी कामाला लाजत नाही. पण मी स्वयंपाकघरात असताना बाबा एकटेच उठायला गेले तर? डिमेन्शियाचा पेशंट संध्याकाळी जास्त बेचैन होतो, दारापाशी जातो. त्याच्याजवळ बसणं हीच ड्युटी आहे. ड्युटी ठरवतानाच ब्युरोसमोर हे बोलून घ्या, मैत्रिणींनो.

एक मुलगी, पुणे

मी पेशंटची मुलगी म्हणून लिहितेय. आमच्या मावशी आईजवळ प्लास्टिकच्या स्टुलावर दिवसभर बसायच्या. ते माझ्या लक्षात आणून दिलं माझ्या दहा वर्षांच्या मुलाने. पाठ टेकायची खुर्ची, वाचायला दिवा आणि मासिकं आणली, मोबाईलचंही मोकळेपणी बोलून घेतलं. घरच्यांनीही हा धागा वाचावा.

पुन्हा मी, धागा काढणारी

नाशिकच्या ताईंना माझं शंभर टक्के अनुमोदन. आणि दोघींनी निरोप पाठवून विचारलंय म्हणून: वातींसाठी देवकापूस घ्या, त्याचे धागे लांब असतात. औषधाच्या दुकानातला कापूस नको, त्याला पीळ बसत नाही. पेशंटला दम्याचा त्रास असेल तर कापूस त्यांच्या खोलीत पिंजू नका, गॅलरीत पिंजून आत आणा. अजून कोणाकोणाचे अनुभव यायचेत, गोव्याकडच्या ताईंनी लिहिते म्हटलं होतं, वाट बघतेय.