वेळासचं ठरलं का?

दादा: मंडळी, कोकणातल्या वेळासचा कासव महोत्सव पक्का ना, पिल्लं समुद्रात जाताना बघायला? मुलांसाठी भारी आयडिया आहे, पुळणीवर सगळे मिळून दहा फुटी वाळूचं कासव करू, फोटो पण झकास येतील

आत्या: पुळणीवर नको रे बाबा. कासवाचं पिल्लू केवढं तर तळहातावर मावेल एवढं, आपण खणलेला खड्डा म्हणजे त्याला विहीरच की, आणि रात्री अंडी घालायला मादी वर येते तिलाही ढिगारे आडवे येतात

दादा: मग काय नुसतं बघून यायचं? कलेशिवाय पोरांना गोडी कशी लागणार

ताई: कला हवीच, तुझी जागा चुकतेय. ऑस्ट्रेलियात टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरचे आदिवासी कलाकार वाहून आलेली तुटकी जाळी गोळा करतात, ज्यात कासवं अडकून मरतात ना तीच, आणि त्यातूनच कासवं मासे वगैरे विणतात, ती थेट मोनॅकोच्या म्युझियमपर्यंत पोचली. कलाकृती होता होता जाळं पण कमी झालं की

काका: आणि गावात पैसा राहतो तो वेगळाच. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 ला काम सुरू केलं तेव्हा अंडी सर्रास चोरीला जायची. मग 2006 ला महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्याच घरी उतरायला लागले, आता घरटं राखण्यात गावाचाच फायदा. म्हणून म्हणतो हॉटेल नको, कुणाच्या तरी घरीच राहू

काकू: पिल्लं दिसतील ना पण नक्की? नाहीतर एवढ्या लांब जायचं आणि हात हलवत परत

आत्या: गॅरंटी नाही हो वहिनी. तिथली कासवं ऑलिव्ह रिडले जातीची, त्यांच्या एका घरट्यात शंभरेक अंडी, फुटायला 45 ते 60 दिवस, वाळू किती तापते त्यावर सगळं. वाळू फार तापली तर बहुतेक माद्याच निघतात म्हणे, नर कमी

काकू: अगंबाई

आत्या: आणि टॉर्च, फ्लॅश अजिबात नाही. पिल्लं उजेडाकडे पळतात, अंधारात समुद्राची बाजू जरा उजळ दिसते म्हणून तिकडे जातात, आपण टॉर्च मारला की उलटी फिरलीच

दादा: बरं बुवा, पुळण कॅन्सल. जिथे राहू त्यांना विचारतो अंगणाची भिंत रंगवू देतात का, पोरं हेच काढतील, टॉर्चवर फुली आणि पिल्लं समुद्राकडे

ताई: हे जमेल. आधी विचार मात्र, रंग घेऊन थेट दारात उभा राहू नकोस

काकू: ते राहू दे, माझ्या मोबाईलचा फ्लॅश बंद कसा करायचा ते आधी कुणीतरी दाखवा